मधली लेन आणि दोन बटणं

मी जात्याच भित्री. घरातून निघताना कुलूप चार वेळा ओढून बघते आणि अर्धा जिना उतरल्यावर पाचव्यांदा बघायला परत वर येते. बाबा मला लहानपणापासून भागूबाई म्हणतात. भित्री भागूबाई मधली. धाकट्या बहिणीने फोनमध्ये माझा नंबरसुद्धा त्याच नावाने ठेवलाय. अशा बाईला बोगद्याच्या नियंत्रण कक्षात नोकरी लागली म्हटल्यावर घरात हसून हसून पुरेवाट झाली. बाबा मात्र म्हणाले, "हसू नका. अशा जागी घाबरणारंच माणूस पाहिजे."

आमच्या शहरात येणारा मोठा रस्ता टेकडीखालच्या बोगद्यातून येतो. पावणेदोन किलोमीटर लांबी, तीन लेन. कडेची एक लेन आत येणारी, दुसऱ्या कडेची बाहेर जाणारी. मधली मात्र दिवसातून दोनदा दिशा बदलते. सकाळपासून पाचपर्यंत ती शहरात येणाऱ्यांची, पाचनंतर शहराबाहेर परतणाऱ्यांची. पूर्वी हे काम हातांनी व्हायचं. माणसं प्लास्टिकचे शंकू उचलून इकडचे तिकडे मांडायची आणि शेवटी एक जीप रिकाम्या लेनमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. जीपवाल्याने पलीकडून हात दाखवला की लेन उघडायची. त्यात पाऊण तास मोडायचा आणि दोन्ही तोंडांशी गाड्यांची ही रांग लागायची.

मग सरकार आणि कंपनीची भागीदारी झाली. बोगदा, वीज आणि हवालदार सरकारचे. कॅमेरे, संगणक आणि माझ्यासारखी माणसं कंपनीची. शंकू गेले, जीप गेली. आता पाचला दहा कमी असताना येणाऱ्या तोंडाशी मधल्या लेनवर लाल फुली लागते, आतल्या गाड्या निघून जातात, आणि तेरा पडद्यांवर लेन रिकामी दिसली की दोन बटणं दाबायची. एक कंपनीच्या माणसाने, एक सरकारच्या. करारात तसं कलमच आहे. एकाचं लक्ष चुकलं तर दुसऱ्याचं असावं, म्हणून दोघांनीही तेराच्या तेरा पडदे बघायचे. बटणंही टेबलाच्या दोन टोकांना बसवलीत, एकट्याचे हात पुरू नयेत म्हणून. रांगा निम्म्याने कमी झाल्या. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटायचा.

सरकारच्या बटणावर हवालदारमामा होते. सव्वीस वर्षं चौकात उभं राहून काढलेला माणूस, आवाज असा की कुजबुजले तरी शेजारच्या खोलीत ऐकू जावं. एकदा चालत्या ट्रकच्या पायरीवर चढून त्यांनी ड्रायव्हरची कॉलर धरली होती, ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून निदान दहा वेळा ऐकली असेल. दर वेळी ट्रक थोडा मोठा व्हायचा. पहिला महिनाभर मी सगळे पडदे एकेक करून बघायची, बोटाने मोजत. मामा हसायचे. मग हळूहळू माझी भीती कमी झाली. शेजारी एवढा वाघासारखा माणूस बसलाय, त्याच्या नजरेतून काय सुटणार आहे? भित्र्या माणसाला दुसऱ्याचा आधार फार गोड लागतो. मामांचा हात बटणाकडे गेला की माझा जायचा.

एकच गोष्ट मनाला टोचत होती. सात नंबरचा कॅमेरा बोगद्यातल्या वळणावर आहे आणि त्याची काच मळली होती. संगणक थांबलेली गाडी दिसली की घंटा वाजवतो, पण त्या मळक्या काचेतून तो भिंतीवरच्या ओलीलाच गाडी समजायचा आणि दिवसातून वीस वेळा बोंब मारायचा. शेवटी साताची घंटा बंद करून टाकली. काच पुसावी तर करारानुसार तिची आतली बाजू कंपनीची आणि बाहेरची सरकारची. मळ नेमका कुठल्या बाजूला आहे, यावर तीन महिने पत्रं जात होती, येत होती. आम्ही दोघांनी त्यावर पोटभर हसून घेतलं होतं.

त्या सोमवारी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यांचा उजवा डोळा काचबिंदूने दहा वर्षांपूर्वीच गेला. राहिला डावा, त्यात मोतीबिंदू. म्हणजे जे काही होतं ते त्या एका डोळ्यावर होतं. दवाखाना बोगद्याच्या पलीकडे. मला सुट्टी मिळाली नाही, म्हणून धाकटी त्यांना घेऊन गेली. ती गाडी शिकून जेमतेम चार महिने झाले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोक्याला धक्का लागता कामा नये. मी धाकटीला बजावलं, "कडेच्या लेनमध्ये सारखे ब्रेक मारावे लागतात. मधल्या लेनने ये. ती मोकळी असते."

सव्वाचारला तिचा निरोप आला, निघालो म्हणून. वीस मिनिटांत बोगदा आणि पुढे दहा मिनिटांत घर. पावणेपाचला मी मनातल्या मनात त्यांना घरी पोहोचवलं, बाबांना पलंगावर बसवलं आणि फोन खणात ठेवून दिला. लेन बदलताना फोन खणात ठेवायचा असा नियम आहे.

पाचला दहा कमी. लाल फुली लागली. मी पडद्यांसमोर बसले होते, पण डोळ्यांसमोर थेंबांच्या बाटल्या होत्या. कुठले दर दोन तासांनी, कुठले फक्त झोपताना. मामांचा हात पुढे गेला. "मोकळी," मामा म्हणाले. "मोकळी," मी म्हणाले. पाच वाजले, बाहेर जाणाऱ्या तोंडाशी हिरवा बाण लागला आणि ताटकळलेल्या गाड्या आत घुसल्या. मामा पाण्याची बाटली भरायला उठले.

तेव्हा खणात फोन थरथरतोय हे मला ऐकू आलं. तो आधीपासून थरथरत असावा. उघडून बघते तर चार फोन येऊन गेलेले, पाचवा चालू.

"ताई, गाडी बंद पडलीय," धाकटी रडत होती. "बोगद्यात. मधल्या लेनमध्ये. किती वेळ झाला, सुरूच होत नाहीये. तू फोन का उचलत नाहीस?"

"मधल्या लेनमध्ये कुठे?"

"वळणावर. ताई, समोरून दिवे येतायत. आमच्याच लेनमधून येतायत!"

मी सात नंबरच्या पडद्याकडे बघितलं. मळकट काचेमागे पांढरी गाडी उभी होती. धूसर होती, पण होती. मागचे दोन्ही दिवे उघडझाप करत होते.

मी लेन बंद करायचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: दुसऱ्या बटणाची प्रतीक्षा. मी मामांच्या नावाने किंचाळले. टेबलावर आडवी पडून दुसऱ्या टोकाला हात पोहोचतो का बघितलं. पोहोचत नव्हता. टेबल बनवलंच तसं होतं. भिंतीवर काचेच्या झाकणात एक लाल मूठ असते, अख्खा बोगदा एकदम बंद करणारी, ती मात्र एकट्याला ओढता येते. ती मला आठवायलाच वेळ लागला. पुढे नोंदीत बघितलं, अकरा सेकंद.

मूठ ओढली. तेराही पडदे लाल झाले, भोंगा वाजायला लागला. फोन कानाला होता. त्यातून आधी तोच भोंगा ऐकू आला, मग टायर घासल्याचा लांबच लांब आवाज, मग धाकटीची किंकाळी, आणि एक आपटल्याचा आवाज. नंतर आणखी एक. मग फोन कुठेतरी खाली पडला असावा.

"अगं, काय झालं?" लांबून बाबांचा आवाज आला. "मला काही दिसत नाहीये. अगं, बोल ना कुणीतरी."

मी बोलत होते. ओरडून ओरडून बोलत होते. पण तो फोन कुणाच्या हातात नव्हता.

पुढची व्हॅन त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली होती. तिच्यामागची मोटार थांबली नाही. तिने व्हॅनला ढकललं आणि व्हॅनने आमच्या गाडीला. धाकटीचं मनगट मोडलं. बाबांचं डोकं खिडकीवर आपटलं. डोळ्यात रक्त उतरलं. डॉक्टरांनी पट्टी बांधून ठेवली आणि म्हणाले, शुक्रवारी काढू, तोवर काही सांगता येणार नाही.

मंगळवारी हवालदारमामा दवाखान्यात आले. बाबांची विचारपूस केली, धाकटीच्या प्लास्टरकडे बघून हळहळले आणि मला बाहेरच्या बाकावर घेऊन गेले.

"पोरी, एक खरं सांग," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "सात नंबरला काही दिसलं होतं का तुला?"

"मामा, मी पडदे बघितलेच नाहीत. मी तुमच्या हाताकडे बघत होते."

ते माझ्याकडे बघतच राहिले.

"त्या दिवशी?"

"रोज. किती महिने झाले असतील. तुम्ही बघताय म्हणून..."

"मी कुठे बघतोय?" मामा म्हणाले. "मला त्या पडद्यांतलं धड दिसतही नाही, चष्मा घरी असतो. मी तुझ्या भरवशावर होतो. कुलूप पाच वेळा ओढून बघणारी बाई, ती बघितल्याशिवाय खुर्ची पुढे ओढेल का? तू खुर्ची ओढलीस की मी हात पुढे करायचो."

मी मनात हिशोब करायचा नाही असं ठरवलं आणि तरी केला. आठ महिने, दिवसातून दोनदा. त्या प्रत्येक वेळी लेन रिकामी होती म्हणून रिकामी होती. आमच्यामुळे नव्हे. मी बाकाची कड घट्ट धरली. ट्रकवर चढणारे मामा शेजारी बसून घाम पुसत होते.

"माझी निवृत्ती चार महिन्यांवर आलीय," ते शेवटी म्हणाले. "काच मळकी होती, हे तर खरंच आहे ना? आपण बघितलं, पण दिसलं नाही. दोघांनी एवढंच सांगायचं."

मी मान हलवली. मला नोकरीची भीती होती, पोलिसांची होती, पण सगळ्यात जास्त धाकटीची होती. ती आल्यागेल्याला सांगत होती, "ताईने मूठ ओढली म्हणून वाचलो." बाबा पट्टीखालून हसायचे आणि म्हणायचे, "आमची भागूबाई वाघीण निघाली." मी आवाज सांभाळून "काहीतरीच काय" म्हणायची. तोंडावर काय दिसतंय ते सांभाळावं लागत नव्हतं. धाकटी औषधाच्या गुंगीत आणि बाबांना दिसत नव्हतं.

बुधवारी चौकशी झाली. कंपनीच्या अहवालात सरकारच्या माणसाने लेन मोकळी असल्याचं सांगितलं, असं होतं. सरकारच्या अहवालात कंपनीच्या माणसाने सांगितलं, असं होतं. दोन्ही खरं होतं, त्यामुळे भांडणाला जागाच उरली नाही. चौकशीच्या साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही सातवा पडदा बघितला होता?" मी म्हटलं, "हो साहेब. काच मळकी होती." मामांनीही तेच सांगितलं. साहेबांना हायसं वाटलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याच दुपारी कंपनीचा माणूस शिडी घेऊन गेला, सरकारचा माणूस फडकं घेऊन गेला, आणि तीन महिने रखडलेली काच पाच मिनिटांत लख्ख झाली. आम्हा दोघांना काही दिवस घरी बसवलं, आमच्या जागी नवी जोडी नेमली. तीन दिवस मधली लेन बंद ठेवल्याने शहर तुंबलं होतं, वर्तमानपत्रं ओरडत होती. गुरुवारी संध्याकाळी लेन पुन्हा सुरू झाली.

शुक्रवारी साडेचारला डॉक्टरांनी बाबांची पट्टी काढली. मी, धाकटी आणि बाबा, तिघं त्या लहानशा खोलीत होतो. खिडकीचा पडदा ओढलेला होता. चार दिवस मी झोपले नव्हते. त्यांना दिसू दे, एवढंच मागत होते. आणि त्याच वेळी, सांगायलाही लाज वाटते, त्यांनी माझ्याकडे बघू नये असंही वाटत होतं.

डॉक्टरांनी दोन बोटं धरली. "किती?"

"दोन," बाबा म्हणाले. "अंधुक आहेत, पण दोन आहेत."

धाकटीने माझा हात घट्ट दाबला. डॉक्टर हसले, रक्त ओसरतंय, वाचला डोळा, म्हणाले, आणि पुढचा पेशंट बघायला गेले. बाबांनी खोली बघितली. धाकटीचं प्लास्टर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिले. वजनमापं तपासण्यात या माणसाचा उभा जन्म गेला. काटा कुठे अडलाय ते त्यांना दुकानात पाऊल टाकताच कळायचं म्हणे.

"भागूबाई," ते म्हणाले, "डोळा वाचला म्हणतायत. मग तू अजून कशाला घाबरलीयस?"

मला वाटलं होतं मी काहीतरी सांगून वेळ मारून नेईन. पण ते थेट बघत होते. मी सगळं सांगितलं. मामांचा हात, माझी खुर्ची, आठ महिने, काच. धाकटीने माझा हात सोडला. "ताई," ती म्हणाली, "म्हणजे त्या गाड्या आमच्यावर तू सोडल्यास?"

"हो."

ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त उठून खिडकीपाशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी तिच्याजवळ जाऊ शकले नाही.

बाबांनी तिच्या पाठीकडे बघितलं. मग म्हणाले, "आता त्या बटणांवर कोण आहे?"

"नवीन दोघं आहेत."

"एकमेकांना ओळखतात?"

"माहीत नाही. कंपनीचा मुलगा हुशार आहे म्हणतात. सरकारकडून एक जुन्या अनुभवी बाई आल्यात."

"म्हणजे तो म्हणणार बाई अनुभवी आहेत, आणि बाई म्हणणार पोरगा हुशार आहे." बाबांनी एक हात डोळ्यावर धरला. "तुम्ही दोघं बघत नव्हता, हे त्यांना कोणी सांगितलंय?"

"कोणीच नाही. आम्ही काच सांगितली."

"किती वाजले?"

भिंतीवर घड्याळ होतं. पाचला नऊ कमी. म्हणजे तिकडे लाल फुली लागली होती. वळणावर काय उभं असेल, काहीही असेल किंवा काहीच नसेल, आणि दोन माणसं एकमेकांच्या हाताकडे बघत बसली असतील. कक्षातले फोन आता खणात, ते कोणी उचलणार नाही हे मला माहीत होतं. मी चौकशीच्या साहेबांना लावला. दोनदा कोणी घेतला नाही. तिसऱ्यांदा घेतला.

"साहेब, मी खोटं बोलले होते," मी म्हटलं. माझा आवाज इतका कापत होता की शब्द मला पुन्हा म्हणावे लागले. "काचेचं काही नव्हतं. आम्ही दोघंही पडदे बघत नव्हतो. मामा माझ्या भरवशावर, मी त्यांच्या. रोज. साहेब, आज लेन उघडू देऊ नका. आधी त्या दोघांना विचारा."

पलीकडे मागे कसलीतरी बैठक चालू असावी, माणसं हसत होती. साहेबांनी फोनवर हात ठेवून कुणाला तरी एक मिनिट म्हटलं. मग ते माझ्याशी अगदी समजुतीच्या सुरात बोलले, भेदरलेल्या बाईशी बोलावं तसे.

"बाई, तुमच्यावर ताण आहे, मी समजू शकतो. तुम्ही आधी विश्रांती घ्या. आणि घाबरू नका हो, तिथे एकटंदुकटं कोणी बसलेलं नाहीये. दोघं आहेत."